मार डोक्याला, टाके पोटाला : नसलेल्या किडनीचे एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला असलेला चौतीस वर्षांचा कामगार. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी निघाला आणि महामार्गालगतच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात हे नवे नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेल्मेट नव्हते. एका खासगी रुग्णालयात पहाटे डोक्याची शस्त्रक्रिया झाली, दोन दिवस व्हेंटिलेटरवर काढून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

नावगाव आणि ओळख पटेल असे बारकावे मी वगळले आहेत. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने हे प्रकरण खरे म्हणजे दहा ओळींचे होते: अपघात, मेंदूला मार, मृत्यू. ते लांबले ते त्याच्या पोटामुळे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे मरणोत्तर पंचनामा करताना हवालदारांनी चादर बाजूला केली आणि भावाला बेंबीच्या डाव्या अंगाला ताज्या टाक्यांची लांब ओळ दिसली. "डोक्याला मार हाय म्हणून सांगितलं, मग पोट कशाला फाडलंय?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आयसीयूत दोन दिवस कुणाला नीट आत सोडले नव्हते. अर्ध्या तासात शवागाराबाहेर गावातली माणसे जमली आणि 'किडनी काढली' हा शब्द पहिल्यांदा तिथे उच्चारला गेला. तोवर कुणीही पोट उघडून पाहिलेले नव्हते.

टाक्यांचा उलगडा न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात वावरलेल्या कुणालाही झाला असता. मेंदूला जबर मार बसला की तो सुजतो. कवटी ताणली जात नाही, म्हणून तिचा एका बाजूचा तळहातापेक्षा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. रुग्ण सावरला तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच तुकडा परत बसवायचा असतो. तोवर तो ठेवायचा कुठे? अतिशीत फ्रीजर असलेली हाडपेढी सगळीकडे नसते. म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली, चरबीच्या थरात खिसा करून ठेवतात. तिथे हाड सुरक्षित राहते, फ्रीजर बंद पडायची भीती नाही आणि एकाचे हाड दुसऱ्याला लागायचीही नाही. संमतीपत्रावर मेहुण्याची सही होती. पोटातल्या खिशाचा उल्लेखही त्यात होता, इंग्रजीत. पहाटे तीन वाजता त्याला तो कुणी वाचून दाखवला असेल असे मला वाटत नाही.

शवविच्छेदन त्याच रात्री उरका असा नातेवाइकांचा आग्रह होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे त्यातून वगळली. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच सवलत. भावाने तोंडी तक्रार दिल्यामुळे प्रकरण संशयाच्या रकान्यात गेले होते, म्हणून मृतदेह शीतपेटीत ठेवून सकाळची वेळ दिली. ज्या संशयामुळे थांबावे लागले, तोच संशय थांबल्यामुळे रात्रभर वाढला. यावर उपाय मला तरी माहीत नाही.

सकाळी माझ्यासह दोन डॉक्टरांचे पथक नेमले, पोलिसांनी चित्रीकरणाची व्यवस्था केली. सुरी लावण्याआधी पोटाचा एक्स-रे काढला. त्यात कवटीच्या तुकड्याची वाटोळी सावली स्पष्ट दिसली आणि धातूची एकही क्लिप दिसली नाही. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बंद करायला धातूच्या क्लिप वापरल्या असतील तर त्या अशा फिल्मवर उमटतात. प्लॅस्टिकच्या उमटत नाहीत, त्यामुळे कोऱ्या फिल्मवर भिस्त ठेवून चालत नाही.

पोटाची भिंत थराथराने सोडवली. टाक्यांखाली चरबी, चरबीत खिसा, खिशात हाड. ते बाहेर काढून कवटीच्या भगदाडावर धरले, कडांना कडा जुळल्या. खिशाचा तळ म्हणजे स्नायूंवरचे पांढरे आवरण, आणि ते सलग होते. त्याला कुठे छेद नाही, टोचल्याची खूण नाही, मागे रक्त साकळलेले नाही. म्हणजे ही चीर उदरपोकळीपर्यंत पोचलीच नव्हती. इथे हा विषय मिटायला हवा होता, आणि कॅमेऱ्यामागचा पोलीस शिपाईसुद्धा सैलावला होता.

मग उदरपोकळी उघडली. आत रक्त नव्हते. यकृत आणि प्लीहा शाबूत. उजवीकडे हात घातला तर मूत्रपिंड नेहमीपेक्षा बरेच मोठे लागले. डावीकडे काहीच लागले नाही. मूत्रपिंडाच्या जागी मोठ्या आतड्याचे प्लीहेजवळचे वळण मागे सरकून बसले होते आणि स्वादुपिंडाचे शेपूटही तिकडेच झुकले होते.

'काढलेली' आणि 'नव्हतीच' यांतला फरक

अशा वेळी हात आवरणे हेच पहिले काम. एरवी अवयवांचा जुडगा एकत्र बाहेर काढून मग टेबलावर सोडवतात. इथे तसे केले असते तर पाठीच्या बाजूचा सगळा पुरावा आमच्याच सुरीने गेला असता आणि मग कापलेले काय, मुळात नसलेले काय, हे कुणालाच सांगता आले नसते. म्हणून आतडी बाजूला करून सगळे जागच्या जागी पाहिले, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली आणि मगच पुढे गेलो.

किडनी डावी नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही. एकच मूत्रपिंड घेऊन जन्मणाऱ्यांत डावे नसण्याचे प्रमाण थोडे जास्त आहे, पुरुषांतही थोडे जास्त. पण दात्याचे मूत्रपिंड काढतानाही शल्यविशारद शक्यतो डावेच निवडतात, कारण त्याची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. बाजू दोन्ही पक्षांना सारखीच सोयीची.

चीर नाही, क्लिप नाही, रक्तस्राव नाही हेही पुरेसे नव्हते. त्यातून 'या दोन दिवसांत काढली नाही' एवढेच सिद्ध होते. 'चार वर्षांपूर्वी कुठेतरी काढली असेल' या शंकेला ते उत्तर नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छोटी छिद्रे आणि ओटीपोटावर एक आडवी चीर एवढेच व्रण राहतात. आम्ही सगळी कातडी भिंगाखाली पाहिली, जुना व्रण कुठेही नव्हता. पण व्रण नसणे हाही शेवटी एक अभावच. मूत्रपिंड तिथे कधी वाढलेच नाही हे दाखवायचे तर त्याच्या नसण्यामुळे शेजारच्या अवयवांची घडण कशी बदलली, हे दाखवावे लागते.

सर्वांत बोलका पुरावा अधिवृक्क ग्रंथीने दिला. ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते, पण तिची घडण मूत्रपिंडावर अवलंबून नाही. ती वेगळ्याच ऊतींपासून तयार होते. त्यामुळे मूत्रपिंड नसले तरी बहुतेकदा ती आपल्या जागी सापडते. मात्र गर्भात तिला खालून मूत्रपिंडाचा आधार मिळाला नाही, तर तिला बाक येत नाही आणि ती सपाट, लांबट राहते. रेडिओलॉजीवाले याला 'आडवी पडलेली ॲड्रिनल' म्हणतात. मोठेपणी मूत्रपिंड काढून टाकले तर ग्रंथीचा घडलेला आकार असा आयुष्यभरासाठी सपाट होत नाही. इथे डावी ग्रंथी पूर्ण चपटी होती, उजवी नेहमीसारखी त्रिकोणी.

दुसरा पुरावा महाधमनीत. ती मागून उभी उघडून आतले अस्तर धुऊन पाहिले. उजव्या मूत्रपिंडाच्या धमनीचे तोंड ठसठशीत होते. डावीकडे तोंडच नव्हते. छिद्र नाही, बुजलेला खळगा नाही, बाहेरच्या अंगाला बांधलेले टोक नाही. काढलेल्या किडनीमागे धमनीचा खुंट उरतोच, आणि तो वर्षांनंतरही सापडतो. शिरांचेही तसेच. डाव्या अधिवृक्क ग्रंथीची आणि डाव्या वृषणाची शीर एरवी डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळतात. इथे त्या दोघींची मिळून एक बारीक शीर झाली होती आणि ती महाधमनीपुढून महाशिरेत गेली होती. दात्याच्या शस्त्रक्रियेत नेमक्या याच दोन शिरा बांधून तोडाव्या लागतात. या दोन्ही अखंड होत्या.

तिसरा पुरावा मूत्राशयात. मूत्रपिंड काढले तरी मूत्रवाहिनीचा खालचा भाग सहसा जागेवरच राहतो आणि तिचे मूत्राशयातले तोंडही. दोन मूत्रवाहिन्यांची तोंडे आणि मूत्रनलिकेचे तोंड यांनी मूत्राशयाच्या तळाशी एक गुळगुळीत त्रिकोण बनतो. इथे तो अर्धाच होता. उजवे तोंड होते. डाव्या बाजूला ना तोंड ना त्रिकोणाची कड.

चौथे म्हणजे, डाव्या बाजूची शुक्रवाहिनी आणि शुक्राशय दोन्ही नव्हते. वृषण मात्र दोन्ही नीट होते. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास एका मध्यमूत्र नलिकेतून कळी फुटते. ती कळी भावी मूत्रपिंडाच्या ऊतीत शिरली तरच मूत्रपिंड घडते आणि कळीची मूत्रवाहिनी होते. त्याच नलिकेपासून पुरुषात शुक्रवाहिनी आणि शुक्राशय तयार होतात. नलिकेतच बिघाड झाला तर हे सगळे एका बाजूने एकदम गायब असते. वृषणाचा उगम वेगळा, म्हणून ते वाचते. किडनी चोरणारा शुक्रवाहिनी आणि शुक्राशय कशाला नेईल? हा प्रश्न पुढे तपास अधिकाऱ्यांनीच नातेवाइकांना विचारला, आणि माझ्या सगळ्या शरीररचनाशास्त्रापेक्षा तो जास्त कामाला आला.

उजवे मूत्रपिंड २७० ग्रॅम भरले. प्रौढ पुरुषाचे एक मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. जन्मापासून एकटे असलेले मूत्रपिंड दुसऱ्याचे काम अंगावर घेऊन वाढते. ही वाढ दोन दिवसांत होणारी नाही, पण जुन्या शस्त्रक्रियेनंतरही मूत्रपिंड वाढते, म्हणून ही वाढ मी पुराव्यात दुय्यमच धरतो. डाव्या जागेतली चरबी आणि ती चपटी ग्रंथी फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला पाठवली. तिथेही मूत्रपिंडाचा अंश, जुना व्रण किंवा टाक्याच्या धाग्याभोवती होणारी गाठ, काही आढळले नाही.

डावे मूत्रपिंड गर्भात अर्धवट, फोडफोडांचे तयार होऊन नंतर विरून गेले असेल, अशीही एक शक्यता पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. तसे असते तर मूत्रवाहिनीचा एखादा बंद तुकडा किंवा धाग्याएवढी धमनी मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच, म्हणून यावर अहवालात एका ओळीपेक्षा जास्त लिहिले नाही.

कागदावर दोन, शरीरात एक

नातेवाइकांकडे मात्र एक कागद होता, आणि तो तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. अपघाताच्या रात्री कॅज्युअल्टीत केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल. त्यात छापील अक्षरांत लिहिले होते: दोन्ही मूत्रपिंडे आकाराने व रचनेने सामान्य. आत जाताना दोन, बाहेर येताना एक. कुठल्याही वकिलाला याहून सरळ पुरावा लागणार नाही.

असे का लिहिले गेले हे समजून घ्यायला हवे, नुसते डाफरून उपयोग नाही. अपघातग्रस्ताची ती घाईची सोनोग्राफी एकाच प्रश्नासाठी असते: पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचले आहे का? प्लीहेच्या खाली प्रोब ठेवून काळी पट्टी दिसते की नाही एवढे बघायचे आणि रुग्ण पुढे पाठवायचा. मूत्रपिंड आहे की नाही हे बघणे तिचे काम नव्हे. पण अहवाल मात्र संगणकातल्या तयार नमुन्यावर निघतो, आणि त्या नमुन्यात सगळे अवयव आधीपासून सामान्य असतात. जे पाहिले नाही ते खोडायचे, हे रात्री दोन वाजता राहून जाते. मापे लिहायचे रकाने रिकामे होते. दोन्ही मूत्रपिंडे सामान्य आणि एकाचीही लांबी नाही. माझ्या मते अशा अहवालाचा पुरावा म्हणून काही अर्थ नाही. पण नातेवाइकांना ते कळण्याचे कारण नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

सोडवणूक सीटी स्कॅनने केली. डोक्याच्या स्कॅनबरोबर पोटाचाही काढला होता आणि त्याचाही अहवाल गप्पच होता: घन अवयवांना इजा नाही, एवढेच. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, न विचारलेले नजरेआड गेले. म्हणून आम्ही अहवाल बाजूला ठेवून मूळ प्रतिमा मागवल्या. फिल्म नको, संगणकातली फाइल हवी, कारण तिच्यात तपासणीची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची होती. डाव्या जागेत आतडे, त्याच्या वर उभ्या रेघेसारखी ॲड्रिनल, महाधमनीतून एकच मूत्रपिंड-धमनी निघालेली. टेबलावर जे पाहिले तेच, माणूस जिवंत असताना टिपलेले, आणि कुणीही त्याच्या अंगाला सुरी लावण्याआधीचे.

रुग्णालयाने ती फाइल मागितल्याबरोबर दिली असती तर एक दिवस वाचला असता. पोलिसांचे लेखी पत्र जाईपर्यंत ती मिळाली नाही.

मृताच्या वडिलांना समोर बसवून स्क्रीनवर दोन्ही बाजू दाखवल्या. ते शेतकरी, शाळा फारशी झालेली नाही. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले, "म्हंजे जन्मल्यापास्नं एकच हुती? आन् आमाला चौतीस वर्षं कळलं न्हाई?" मी म्हणालो, "आबा, बहुतेकांना कळत नाही. एकटी किडनी सगळं काम करते, दुखत नाही, खुपत नाही." हा दोष साधारण हजार-दोन हजारांत एकाला असतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. या हिशेबाने शहरातच अशी पावणेतीनशे ते साडेपाचशे माणसे असणार. एखाद्याला मुतखड्यासाठी सोनोग्राफी करताना कळते, एखादीला गरोदरपणात. काहींना कधीच कळत नाही आणि ते ऐंशी वर्षांचे होऊन जातात.

भावाचे मात्र त्या दिवशी समाधान झाले नाही. सीटीची फाइल बदलली नसेल कशावरून, असे तो म्हणत राहिला. त्याला चित्रीकरणाची प्रत पोलिसांमार्फत मागता येईल हे सांगितले. प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड आधी जुळणी करून ठेवलेल्या रुग्णाला तासांच्या हिशेबात बसवावे लागते, हेही सांगितले. किती पटले ते त्यालाच ठाऊक. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याची मागणी पोलिसांनी आमचा अभिप्राय आल्यावर निकाली काढली. अपघाताचा गुन्हा नेहमीसारखा चालू राहिला.

अभिप्रायाची भाषा

शवविच्छेदन अहवालात अशा ठिकाणी 'डावे मूत्रपिंड नाही' असे लिहून पुढे जाणारे सहकारी मी पाहिले आहेत. ते खोटे नसते, पण ते वाक्य न्यायालयात कुणाच्याही हातात धारदार शस्त्र होऊ शकते. आम्ही लिहिले ते असे: डावे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, शुक्रवाहिनी व शुक्राशय जन्मतः विकसित झालेले नाहीत, अलीकडच्या किंवा जुन्या शस्त्रक्रियेची खूण नाही, मृत्यूच्या कारणाशी या दोषाचा संबंध नाही. मृत्यूचे कारण, कवटीच्या अस्थिभंगासह मेंदूला झालेली बोथट इजा.

यातल्या जन्मजात दोषाबद्दलच्या भागावर नंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात बराच खल झाला. विमा कंपनीच्या वकिलांचे म्हणणे, एकाच किडनीवर जगणारा माणूस अर्धा आजारी, त्याचे आयुर्मान कमी, मग भरपाईही कमी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक, म्हणजे कुटुंबाच्या वार्षिक नुकसानीला ज्याने गुणून भरपाई काढतात तो आकडा, लागतो; तो खाली आणायचा होता. प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. एकट्या मूत्रपिंडावर वर्षानुवर्षे जास्तीचा ताण पडतो. काहींना पुढे रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात. पण या माणसाच्या मूत्रपिंडाचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र निरोगी होते आणि हृदयाचे वजन नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाची खूणही नाही. फौंड्रीतल्या उष्णतेत तो पाळीमागून पाळी काम करत होता. शक्यता आणि आजार यांत फरक आहे, एवढे मी साक्षीत सांगितले. गुणक १६ च राहिला.

कुटुंबाला काय सांगायचे हे अहवालात लिहायची पद्धत नाही, पण सांगायला हवे असे माझे मत आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात मूत्रपिंडाचे जन्मजात दोष इतरांपेक्षा थोडे जास्त आढळतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: मूत्रपिंड एका बाजूला नसेल तर गर्भाशय आणि योनिमार्गाच्या घडणीतही दोष असू शकतो, आणि तो पाळी सुरू झाल्यावर असह्य पोटदुखी म्हणून पुढे येतो. पत्नीला हे दिवसकार्य झाल्यानंतर, तिच्या आईसमोर सांगितले. दोन्ही मुलांची सोनोग्राफी करून घ्या म्हटले आणि चिठ्ठीवर लिहून दिले की प्रत्येक मूत्रपिंडाची लांबी सेंटिमीटरमध्ये वेगवेगळी नोंदवावी. मुलगा आणि मुलगी, दोघांचीही दोन-दोन निघाली, मापांसकट. मृताची बहीण गडहिंग्लजकडे दिलेली आहे. तिनेही तिथेच तपासून घेतले. तिचीही दोन आहेत. भाऊ मात्र अजून तपासायला तयार नाही.